सावलीतला खांब

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आईला आज हॉस्पिटलातून घरी आणलं. खुबा नवा, कुबडी नवी, जीभ जुनीच. गाडीतून एक पाय बाहेर ठेवला आणि म्हणाली, "माझ्या चादरी कुणी वाळत घातल्यात? एका बाजूला लोंबतायत."

मीच घातल्या होत्या.

बाबा दारात उभे होते. टोपी हातात, चर्चमध्ये मिस्साला उभे राहतात तसे. आई त्यांच्या शेजारून जाताना म्हणाली, "मेले नाही मी, फेस्टस. टोपी घाल, सर्दी होईल."

गॉलवेच्या लायब्ररीतून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रजा घेतली आहे. तिथे माझी वाट बघणारं आता कुणी नाही, त्यामुळे रजा मिळणं सोपं गेलं. आईला जिना चढता येत नाही, म्हणून ते दोघं खाली झोपणार आणि मी वर, त्यांच्या खोलीत. खिडकीतून फक्त मागचं अंगण दिसतं — जळणाची शेड, शेडमागचा तो खांब आणि खांबाला बांधलेली कपड्यांची दोरी. चादरी अजून ओल्याच आहेत. तिथे ऊन पोचतच नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

मिस्सा संपल्यावर फादर लॉफ्टस म्हणाले, कुणी उठू नका. मग घसा साफ केला. सर्व मृतांच्या दिवशी, २ नोव्हेंबरला, ते गॉनच्या टेकडीवर जाणार. बिछान्यापाशी प्रार्थना करणार, जमिनीला आशीर्वाद देणार. ज्यांचं कुणी तिथे आहे त्यांनी नाव कळवावं आणि एक पांढरा दगड घेऊन यावं.

चर्चमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

लहानपणी आम्हाला सांगायचे, त्या पडक्या दगडी थडग्यात राक्षस झोपतो, म्हणून त्याला बिछाना म्हणतात. तिकडे फिरकायचं नाही. राक्षस कसला? बाप्तिस्मा व्हायच्या आत गेलेली बाळं होती तिथे. चर्चच्या मातीत त्यांना जागा नव्हती. मग आमच्या माणसांनी त्यांना उचलून तिथे नेलं, जिथे कुणी नाही म्हणणारं नव्हतं. ते थडगं पाच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांचं. त्यांना आपला देव ठाऊक नव्हता, त्यांनी दार उघडं ठेवलं होतं.

दुपारी आई खुर्चीत बसून बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली,

"माझी एक आहे वर."

मी सुरी खाली ठेवली.

"तुझ्या आधी. मुलगी. श्वासच घेतला नाही तिनं."

"कुठे आहे? नेमकी कुठे?"

"ते बायकांना सांगत नसत. बाप घेऊन जायचा, दिवस मावळताना. तू आता झोपतेस त्याच खोलीत होते मी, वर. उठायची परवानगी नव्हती." एक बटाटा पूर्ण सोलून झाला. "फेस्टसला ठाऊक. त्यानं कधी सांगितलं नाही."

"तू विचारलंस?"

"आम्ही विचारत नव्हतो गं, सबीना. तशी पद्धतच नव्हती."

चव्वेचाळीस वर्षांची झाले मी. मला एक बहीण होती, हे आज कळलं. बटाट्यांच्या सालींसमोर.

१३ ऑक्टोबर

बाबांना विचारायला गोठ्यात गेले. गाईचं बोलून परत आले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

कोलमन आला होता. माझा धाकटा भाऊ. कुठलीही गोष्ट यंत्र आणून सोडवता येते असं त्याला वाटतं. म्हणाला, "आई, आता त्या शेडमागे कुबडी घेऊन चिखलात जाऊ नकोस. मी तुला छत्रीसारखी फिरणारी दोरी आणतो. दक्षिणेच्या अंगणात लावू, दारातून हात लांबवलास की झालं."

आईला तेवढंच पुरलं. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी यानं तो खांब रोवला. अख्ख्या मेयो जिल्ह्यात ऊन नसलेली जागा शोधून काढली बघ. माणसं सोनं शोधतात, यानं सावली शोधली. दर उन्हाळ्यात सांगते, हलव. दर उन्हाळ्यात!"

"खांब हलणार नाही," बाबा म्हणाले.

"का पण?" कोलमननं विचारलं.

"घट्ट आहे."

कोलमन हसला. "बाबा, माझ्याकडे ट्रॅक्टर आहे."

बाबा उठले आणि बाहेर गेले. चहा तसाच. आई म्हणाली, "बघितलंस? पोपकडून परवानगी मिळेल, याच्याकडून नाही." पण ती हसली नाही. दार बंद झालं तरी बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

शेजारच्या विनी बॅरेट केक घेऊन आल्या. आईच्या वयाच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचे दोन आहेत वर. हे त्यांनी पहिल्यांदाच मोठ्यानं सांगितलं म्हणे. आमच्या स्वयंपाकघरात, केक कापता कापता.

"आमच्या जॉनीनं खूण करून ठेवली होती. गारगोटीचा दगड. मरायच्या आधी मला नेऊन दाखवलं. म्हणाला, विनी, हा. बस, एवढंच." डोळे पुसले, मग केकचा मोठा तुकडा बाबांच्या बशीत ठेवला. "तुमची कुठल्या बाजूला गं, डीलिया?"

"फेस्टसला ठाऊक," आई म्हणाली.

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा शेगडीतल्या जाळाकडे.

"हा बोलला ना, तर त्या दिवशी शाळेला सुट्टी देतील," विनी म्हणाल्या. त्या चांगल्या मनानंच म्हणाल्या. बाबांनी केक खाल्ला नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

एकटीच टेकडीवर जाऊन आले.

मोठं काही उरलेलं नाही. दोन उभ्या शिळा, एक तिसरी आडवी. छताची शिळा कधीतरी घसरून एका कडेवर टेकली आहे. तिच्याखाली अंधार आणि मेंढ्यांच्या लेंड्या. अर्धे दगड आसपासच्या कुंपणांत गेले. आमच्याही कुंपणात असतील. वाऱ्यानं एका बाजूला वाकलेलं एक काटेरी झाड. एक मेंढी आडोशाला बसली होती. मला बघून उठली नाही.

आणि गवतात लहान लहान दगड. कशावर काही लिहिलेलं नाही. काही इतके जवळ की मला पाय ठेवायला जागा सापडेना. मी एका पायावर उभी राहिले, मग तशीच मागे आले.

लहान दगड लहान मुलांसाठी. कुणीतरी आपल्या हातात मावेल एवढाच निवडला असणार.

२२ ऑक्टोबर, बुधवार

फादर लॉफ्टस नाव विचारायला आले. तरुण आहेत, लाजतात. म्हणाले, "डीलिया, हे फार पूर्वीच व्हायला हवं होतं. आमच्याकडून."

"हो, व्हायला हवं होतं," आई म्हणाली. त्यांचा चहा गोड केला.

मग त्यांनी नाव विचारलं.

"सबीना."

फादर माझ्याकडे बघून हसले. "नाही, बाळाचं नाव विचारतोय मी."

"तेच सांगतेय."

किटली माझ्या हातात होती. ती मी खाली ठेवली नाही, हे नंतर बोट भाजलं तेव्हा लक्षात आलं.

ते गेल्यावर आई म्हणाली, "नाव ठरलेलं होतं ना. फेस्टसच्या आईचं. पण बाप्तिस्मा नाही तर नावही नाही. मग तू आलीस. ते तसंच पडून होतं, कुणी वापरलेलं नव्हतं. म्हणून तुला दिलं."

जसा एखादा स्वेटर. विणून तयार, घातलेला नाही, मोडवत नाही.

"राग आला तुला?"

"नाही गं आई."

राग नाही. इतकी वर्षं लोक मला हाक मारत होते आणि मी ओ देत होते. आणखी कुणाला ऐकू जात होती का ती?

२३ ऑक्टोबर

औषधांच्या दुकानातून फोन आला. नाव विचारलं. सांगताना अडखळले.

२७ ऑक्टोबर, सोमवार

बाबा म्हणाले, मी रविवारी वर येणार नाही. गुडघे दुखतात.

आई त्यांच्या समोर उभी राहिली, कुबडीवर भार टाकून. तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती, आणि त्यामुळेच मला भीती वाटली. "तू नाही आलास तर मी दगड कुठे ठेवू, फेस्टस?"

"कुठेही ठेव. सगळी एकच जमीन."

आई वळली. खालच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. जेवायला आली नाही. मी आत बशी नेली तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "बोट दाखवायचं. एवढंच. मला का त्याच्याकडून भाषण हवंय?"

तिला आयुष्यात एवढं एकच हवंय आता. त्यानं सांगावं, इथे.

बाबा रात्रीचं जेवण उभ्यानं जेवले, बेसिनपाशी. मला त्यांचा संताप आला. माझ्या बाबांचा संताप येण्याची मला सवय नाही, नंतर अंग दुखतं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

हॅलोविन. आईनं बसल्या बसल्या मनुकांचा पाव केला, आत अंगठी घालून; ती ज्याला मिळेल त्याचं वर्षभरात लग्न, म्हणतात. कोलमन पोरांना घेऊन आला होता. तो जायच्या आधी पाव कापला. अंगठी नेमकी बाबांच्या तुकड्यात.

"बाबा! या वर्षी लग्न!" कोलमन ओरडला.

"बिचारी," आई म्हणाली. "तिला आधीच सांगून ठेवा दोरी कुठे आहे ते."

सगळे हसले. बाबाही हसले — खरंच, दात दिसेपर्यंत — आणि हसता हसता त्यांचा चेहरा मोडला. अंगठी तोंडातून काढून बशीच्या काठावर ठेवली, रुमालात नाक शिंकरलं. "मनुका घशात अडकली," म्हणाले.

मग कोट चढवताना, कुणाकडेही न बघता: "रविवारी येतो मी."

२ नोव्हेंबर, रविवार

पाऊस नव्हता. विनी म्हणाल्या, देवाला लाज वाटली असेल.

टेकडीचा मालक गॉन, त्यानं मेंढ्या हाकलून दिल्या होत्या आणि वरपर्यंत ट्रॅक्टर नेऊन वाट केली होती. कोलमननं आईला ट्रॅक्टरमध्ये बसवून वर आणलं. मला वाटलं होतं दहाबारा माणसं असतील. अख्खं गाव होतं. म्हातारी माणसं, खिशात हात. प्रत्येकाच्या खिशात एक दगड.

फादरनी शिळांवर पाणी शिंपडलं, मग गवतावर, मग पुन्हा गवतावर, जणू पहिल्यांदा कमी पडलं. नावं वाचली. काहींना नाव नव्हतंच. तिथे ते म्हणाले, बॅरेटांचा मुलगा, बॅरेटांचा दुसरा मुलगा. विनींनी गुडघे टेकले.

"सबीना."

कुणीतरी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी उभी होते, जिवंत, गारठलेली, नवे बूट घातलेली.

मग माणसं पांगली, आपापल्या जागेकडे. आई बाबांकडे बघत होती. बाबांनी टोपी काढली. छताची शिळा जिथे जमिनीला टेकते तिकडे बोट केलं.

"तिथे," म्हणाले.

आई कुबडी टेकत गेली. खूप वेळ उभी होती. मी म्हटलं, "दगड दे, मी ठेवते, तुला वाकता येणार नाही." तो मी सकाळी बघितला होता: अंड्याएवढा, पांढराशुभ्र, मधून एक तपकिरी रेघ. तिनं मान हलवली. हात कोटाच्या खिशातच ठेवला. बहुधा सोडवेना.

परत येताना तिनं बाबांचा दंड धरला होता. असं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. दुपारी ती गाढ झोपली. झालं एकदाचं, असं मला वाटलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

झालं नाही.

सकाळी गोठ्यात बाबा गाईच्या पाठीवर कपाळ टेकून उभे होते. मला वाटलं चक्कर आली. "काल मी खोटं बोट दाखवलं," म्हणाले.

जसं ऐकलं तसं लिहून ठेवते.

"चहाच्या खोक्याच्या फळ्यांची पेटी केली होती. वर गेलो. फावडं टाकलं, लाकूड लागलं. बुजवलं. दुसरीकडे टाकलं, फडकं आलं वर. मग नाही टाकलं. जागाच नव्हती, सबीना. एवढ्याशा जागेत किती म्हणून मावणार? तिला दुसऱ्याच्या अंगावर कशी ठेवू मी? ... म्हणून परत आणली. कोटाच्या आत. तिला वजनच नव्हतं. येताना सारखी भीती, पडली तर मला कळणारसुद्धा नाही."

"कुठे, बाबा?"

पण मला कळलं होतं. गोठ्याच्या दारातून शेड दिसते.

"माणसं कुठेही खणतात. आज गवत, उद्या बटाटे. खांबाखाली कुणी खणत नाही." गाईनं मान हलवली, त्यांनी तिला थोपटलं. "आणि डीलिया रोज तिथे येणार ना, कपडे घेऊन. म्हटलं, पोरीला आई दिसेल रोज."

मी विचारलं, तिला सांगितलं का नाहीत. म्हणाले, आधी ती फार रडायची म्हणून नाही. मग रडायची थांबली, म्हणून नाही. मग फार उशीर झाला.

"काल ती झोपली. तू बघितलंस. आता सांगू नकोस."

मी वचन दिलं नाही. पण सांगितलंही नाही. दुपारी वाळलेले कपडे काढायला गेले आणि खांबापासून लांब उभं राहून ते ओढून घेतले. चोरासारखी.

५ नोव्हेंबर, बुधवार

आईनं जेवताना, बाबांच्या देखत, कोलमनला फोन लावला. शनिवारी ये. ती छत्रीवाली दोरी घेऊन ये. आणि पहार आण, खांब काढायचाय. "आता मला ऊन हवंय," म्हणाली.

बाबांनी काटा खाली ठेवला.

नंतर अंगणात मी त्यांना गाठलं. "बाबा, आता सांगा. आता नाही सांगितलंत तर कोलमन तिला खणून काढेल."

त्यांनी दोनदा तोंड उघडलं. "येत नाही गं," म्हणाले. "कसं सुरू करतात?"

७ नोव्हेंबर

तीन वेळा आईच्या खोलीपर्यंत गेले. मीच सांगून टाकते. पण तिला माझ्याकडून ऐकायचं नाही. त्यांच्याच तोंडून ऐकायचं नसतं तर एवढी वर्षं कशाला थांबली असती?

८ नोव्हेंबर, शनिवार

पाऊस, आडवा. कोलमन पहार आणि फावडं घेऊन शेडमागे गेला. बाबा आधीच तिथे होते. पाठ खांबाला लावून उभे. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, टोपीवरून पाणी गळतंय.

"बाबा, बाजूला व्हा ना."

बाबा हलले नाहीत. कोलमननं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

आई मागच्या दारात आली. आम्ही ओरडलो, चिखल आहे, थांब. तिनं ऐकलं नाही; कुबडी रुतवत, उपटत शेडपर्यंत आली. बाबांच्या समोर हातभर अंतरावर थांबली.

"का नाही हलवायचा, फेस्टस?"

टोमणा नव्हता. इतक्या हळू विचारलं की मला ओठांवरूनच कळलं. बाबांनी तोंड उघडलं. मी मनात म्हणत होते, बोला, बोला. कोलमननं पहार खाली ठेवली.

"घट्ट आहे," बाबा म्हणाले.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं हात वर केला आणि त्यांच्या कोटाचं वरचं बटण लावलं.

"राहू दे, कोलमन," म्हणाली. "आत चल. चहा घे."

९ नोव्हेंबर, रविवार

चादरी वाळत घातल्या. चिमटा हातातून निसटून खांबाच्या बुंध्याशी पडला, उंच गवतात. तिथलं गवत बाबा कधी कुणाला कापू देत नाहीत. मी हात घातला. चिमट्याऐवजी दगड लागला. गवत बाजूला केलं. पांढरे दगड, खांबाभोवती सगळीकडे. काही शेवाळानं हिरवे, काही मातीत इतके खोल गेलेले की फक्त टोक दिसतं. कितीतरी वर्षांचे. सगळ्यात वर एक स्वच्छ, अंड्याएवढा, मधून तपकिरी रेघ.

वर पाहिलं. माझ्या खोलीची खिडकी. बाळंतिणीला उठायची परवानगी नव्हती, पण खिडकी पलंगालाच लागून आहे.

गवत होतं तसं करून ठेवलं. आई बाबांना खांब हलवायला सांगत नव्हती. दर उन्हाळ्यात विचारत होती.